ड्राइव्हवेतलं माहेर

शकूताई म्हस्के यांचा आणि माझा पहिला संवाद एका बंद खिडकीतून झाला, आणि त्यात त्यांनी मला तेहतीस मिनिटं थांबायला सांगितलं.

ऑस्ट्रेलियात टूवूंबाला मुलीकडे येऊन मला नऊ दिवस झाले होते. मुलगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, जावई युनिव्हर्सिटीत, नातू शाळेत. पुण्यातल्या शाळेत एकतीस वर्षं घालवलेली, त्यातली शेवटची अकरा उपमुख्याध्यापिका म्हणून मिरवलेली मी, सकाळी गाऊनवरच कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला ठेवायला बाहेर पडले आणि माझ्या मागे दार आपलं आपण लागलं. किल्ली आत, फोन आत, चष्मा आत. तेव्हा मी बासष्टची होते आणि स्वतःला फार व्यवहारी समजत होते. दाराला दोनदा दटावूनही पाहिलं, शाळेत चालायचं म्हणून.

आमचा रस्ता आठ घरांचा, टोकाला बंद. जुलैची थंडी, माणूस एक नाही. शेजारच्या घराच्या खिडकीत तेवढी एक बाई दिसली. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, तोंडावर मास्क. मी शाळेतलं सगळं इंग्रजी काढून हातवारे करायला लागले, पण मध्येच दगडावर ठेच लागली आणि तोंडातून "आई गं" निघालं. काचेआडून स्वच्छ मराठीत उत्तर आलं, "तेहतीस मिनिटं थांबा. आत्ता दार उघडता येत नाही."

काय बाई आहे, असं मनात म्हणत मी त्यांच्या पायरीवर कुडकुडत बसले. दार उघडलं ते तेहतीस मिनिटांनीच.

"पिशवी चालू होती," त्या म्हणाल्या. "चहा घ्या. एकशेवीस मिली मिळेल. मला तेवढाच चालतो, म्हणून या घरात सगळ्यांना तेवढाच."

पिशवीचा उलगडा त्या चहाबरोबर झाला. शकूताईंची मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि त्या घरीच पोटातलं डायलिसिस करत. पोटाला एक बारीक नळी कायमची बसवलेली. दिवसातून चार वेळा दोन लिटर पाण्याची पिशवी डोक्यापेक्षा उंच हुकाला अडकवायची, जुनं पाणी खालच्या पिशवीत उतरवायचं, नवं पोटात घ्यायचं. त्या वेळात दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, हात कोपरापर्यंत धुतलेले, तोंडाला मास्क. जरा धूळ गेली, जंतू गेला, की थेट हॉस्पिटल. चार पिशव्यांच्या मध्ये जेवढे तास उरत तेवढंच त्यांचं मोकळं आयुष्य, आणि तेही पुढच्या पिशवीपर्यंत घरी परतायच्या बेतानं.

मला तेव्हा त्यांची दया आली. मीही दुसऱ्याच्या घरात दुसऱ्याच्या वेळापत्रकावर होते, गाडी चालवता येत नव्हती, बस दिवसाला दोन आणि त्यासुद्धा वीस मिनिटं चालून. पण दया मी त्यांची करत होते. एवढी अक्कल मला होती.

शकूताई चिंचवडच्या एका यंत्रांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होत्या. ड्राफ्ट्सवुमन म्हटलेलं त्यांना आवडत नसे, "कागदाला कळतं का कोणी रेघ मारली?" म्हणायच्या. सवय अशी की काहीही मोजल्याशिवाय बोलायचं नाही. मी म्हटलं, "आज जरा बरी थंडी आहे," की विचारायच्या, "जरा म्हणजे किती?" मी म्हटलं, "नातवाला हल्ली भूक लागत नाही," की, "पोळ्या किती खातो?" उपमुख्याध्यापिका असताना मी इतरांना असे प्रश्न विचारायचे, त्यामुळे मला ते फार टोचत. "मोजून बोला, बाई," हे त्यांचं पालुपद. बाई म्हणजे मी. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

त्यांच्या जेवणाच्या टेबलासमोरच्या खिडकीतून एकच गोष्ट दिसायची. राखाडी पत्र्याचं कुंपण, आमच्या आणि त्यांच्या घरामधलं. पिशवी चालू असताना त्या रोज चार वेळा त्या पत्र्याकडे बघत बसायच्या. एकदा मला म्हणाल्या, "त्यात एकशेचौदा घड्या आहेत. मला आता अशा जागी जायचंय जिथे चहूबाजूंनी काही आडवं येत नाही. रोमा गावाच्या पुढे पश्चिमेला जमीन सपाट होते म्हणतात. तिथे मध्यभागी उभं राहायचं आणि स्वतःभोवती एक फेरी मारायची. बस."

"आणि मग?"

"मग काय, परत यायचं. पिशव्या संपतील ना."

दिनकरराव, म्हणजे त्यांचे यजमान, यांच्याकडे यूट होती. मागे उघडा हौदा असलेल्या गाडीला इथे यूट म्हणतात आणि आमच्या रस्त्यावर ती नसलेलं घर आमचंच. दिनकरराव तीस वर्षं एस.टी.त ड्रायव्हर. घाट, पाऊस, जत्रेची गर्दी, सगळ्यांतून गाडी नेलेली, एकही अपघात नाही. असा माणूस टूवूंबात घर ते हॉस्पिटल आणि घर ते किराणा एवढंच चालवायचा. शकूताईंनी मनात धरलं की यूटच्या हौद्यात बसणारा कॅम्पर घ्यायचा. चालताना त्याचं छप्पर खाली दबलेलं असतं, थांबल्यावर वर उचललं की आत उभं राहण्याएवढी खोली होते, वरच्या अर्ध्या भिंती कॅनव्हासच्या. दिनकररावांना मोठा कारवान हवा होता, मागे ओढायचा, पक्क्या भिंतींचा, आत न्हाणीघर असलेला.

कॅम्पर बघायला मला बरोबर नेलं. मी खुशीत होते, कारण त्या आठवड्यात घराबाहेर पडायची माझी तेवढीच संधी. शहराबाहेर मोठी शेड, त्यात दहा-बारा कॅम्पर छपरं उचलून उभे. विकणारा मुलगा उत्साही होता आणि सगळं दिनकररावांना सांगत होता. गाद्यांची जाडी, फ्रीज, बाहेर ओढायची चूल. शकूताई एकेका कॅम्परमध्ये चढत, अंबाड्यातली पेन्सिल काढत, टेप लावत आणि उतरत. चौथ्यात चढल्या त्या उतरल्या नाहीत. आम्ही डोकावलो तर त्यांनी पर्समधून दोन लिटर पाण्याची भरलेली पिशवी काढली होती, छपराच्या दांडीला हँगरनं अडकवली होती आणि खाली बाकावर बसून ओळंब्याकडे बघावं तसं तिच्याकडे बघत होत्या.

"इथून खांद्यापर्यंत सत्तर सेंटिमीटर," त्या म्हणाल्या. "पाणी नीट उतरेल. कारवानचं छप्पर बुटकं आहे. हे वर जातं म्हणून बरं."

मुलानं दिनकररावांना विचारलं, "इज शी ओके, मेट?"

"शी इज द इंजिनिअर," दिनकरराव म्हणाले, आणि इतक्या अभिमानानं म्हणाले की मला वाटलं, चला, झालं काम. पुढच्या महिन्यात हे निघाले. माणसं ओळखण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही अशी माझी तेव्हा समजूत होती.

कॅम्पर आला. शकूताईंनी आधीच त्याचा नकाशा काढून ठेवला होता: कुठे हुक, कुठे हात धुवायचं भांडं, कुठे पिशवी कोमट करायची गादी, पिशव्यांची खोकी कुठे बसतील. कोपऱ्यात, त्यांच्या कारखान्याच्या रिवाजाप्रमाणे, रिव्हिजनचा रकाना. पहिला नकाशा म्हणजे ए. काही बदललं की बी, मग सी.

बदल दिनकररावांनी सुरू केले. पिशवी कोमट करायला वीज लागते, म्हणून दुसरी बॅटरी. दुसरी बंद पडली तर, म्हणून तिसरी. ऊन नसलं तर, म्हणून जनरेटर. कॅनव्हासमधून धूळ येईल म्हणून आतून दुसरं अस्तर. पाण्याची जादा टाकी. छोटा फ्रीज काढून मोठा. बाजूला सावलीचं छत, मग त्याला भिंती. मागचा कॅमेरा. आडरानात फोन लागत नाही म्हणून सॅटेलाइट फोन. प्रत्येक वेळी शकूताई विचारायच्या, "निघायचं कधी?" आणि दिनकरराव म्हणायचे, "एवढं बसवून घेतो गं. तुझ्यासाठीच तर चाललंय." त्या नवा कागद घ्यायच्या. मार्चपर्यंत त्या एम वर पोचल्या होत्या.

"बाई," त्या मला म्हणाल्या, "कारखान्यात एम पर्यंत गेलेलं यंत्र मी एकदाच पाहिलं."

"फार चांगलं निघालं असेल."

"निघालंच नाही."

मी मात्र दिनकररावांच्या बाजूची. काळजी करणारा नवरा मला फार थोर वाटायचा. त्यांना भेटले की मीच एखादी भर सुचवायची. आत लोखंडी शिडी मीच सुचवली होती, आणि ती बसवली गेल्यावर नातवाला दाखवायलाही घेऊन गेले होते.

एप्रिलमध्ये हॉस्पिटलच्या नर्सनं सांगितलं की पोटातलं डायलिसिस आता पूर्वीसारखं काम करत नाहीये. तीन-चार महिन्यांत हॉस्पिटलमधल्या मशीनवर यावं लागेल. आठवड्यातून तीन दिवस, पाच-पाच तास, खुर्चीत. म्हणजे मग रोमा नाही आणि रोमाचा पुढचा सपाट मुलूखही नाही. शकूताईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्या बटाटे सोलत होत्या.

"आधी जाऊन या म्हणाली नर्स. बारा दिवस चालतील म्हणाली, रोज एकदा फोन करायचा." साल न तुटता एका लांब पट्टीत निघत होती. "हॉस्पिटल सोडतंय, बाई. घर सोडत नाहीये."

तेव्हा त्यांनी मला तो दिवस सांगितला. तीन वर्षांपूर्वी पिशवी चालू असताना दिनकरराव हातात पार्सल घेऊन दार उघडून आत आले होते. बाहेर वारा होता. दोन दिवसांनी शकूताईंच्या पोटात जंतुसंसर्ग, मग हॉस्पिटलात सतरा दिवस. तेव्हापासून दिनकरराव पिशवीच्या वेळी घरातच थांबत नसत. ओट्यावर जाऊन उभे राहत. पाऊस असला तर छत्री घेऊन.

"ते म्हणतात का, की आपल्यामुळे झालं?"

"एकदाही नाही. म्हणून तर जनरेटर आला."

मग वजनकाटा. शकूताईंनी हट्टच धरला की सगळं भरून, माणसांसकट गाडीचं वजन करायचं. गाडीला किती भार चालतो ते कागदावर लिहिलेलं असतं आणि त्याच्या वर गेलं तर कायद्यानं रस्त्यावर आणता येत नाही. धान्याच्या गोदामाजवळ मोठा काटा होता. पिशव्यांची खोकी भरली, पाणी भरलं. मी मागच्या सीटवर बसले, कारण मला कुणी बसू नका म्हटलं नाही.

काट्यावरच्या माणसानं आकडा सांगितला. एकशेतीस किलो जास्त. दिनकररावांचा चेहरा पडला असं मला वाटलं. पडला नव्हता. सैलावला होता. "मग सस्पेन्शन वाढवून घ्यावं लागेल," ते लगेच म्हणाले, "आणि त्याचं सर्टिफिकेट. दोन-अडीच महिने जातील, शकू. काय करणार."

काटेवाल्यानं खिडकीतून मागे बघितलं. "यू गोइंग टू, लव्ह?"

"नो, नो," मी हसून म्हटलं. "आय अ‍ॅम नेबर."

"देन हॉप आउट."

मी उतरले. माझ्या वजनाचा आकडा इथे देत नाही, पण तो वजा झाल्यावर उरलेला आकडा शकूताईंनी कागदावर लिहिला आणि दोनदा अधोरेखित केला. मग त्यांनी कॅम्परचं दार उघडून एकेक कप्पा बघायला सुरुवात केली. बाकाखाली माझ्या जुन्या नऊवारीत गुंडाळलेला लोखंडी खलबत्ता निघाला. आणि दहा किलो कणीक. आणि लोणच्याच्या तीन काचेच्या बरण्या. हे सगळं मी आदल्या दिवशी गुपचूप ठेवलं होतं. परमुलखात निघालेल्या बाईला ताजं वेलची-जायफळ कुटायला काहीतरी हवं, असा माझा विचार.

शकूताई खलबत्त्याकडे बघत राहिल्या. "बाई, तुम्ही सुद्धा?"

हातात खलबत्ता धरून मी दिनकररावांच्या शेजारी उभी होते. काट्यावरून आम्ही दोघं एकाच बाजूला दिसत असणार.

दुसऱ्या दिवशी दिनकररावांनी सस्पेन्शनवाल्याला फोन लावला. अकरा आठवड्यांनंतरची वेळ मिळाली. शकूताईंनी ऐकलं, गॅरेजमधून पिशव्यांची दोन खोकी ढकलगाडीवर घातली, एक पातळ आणि दोन ब्लाउज पिशवीत भरले आणि म्हणाल्या, "मी माहेरी चालले."

चिंचवडचं त्यांचं माहेर कधीच संपलं होतं. आईवडील नाहीत, भाऊ नाही. त्या ड्राइव्हवेत उभ्या असलेल्या यूटवर चढल्या, छप्पर वर उचललं आणि दार लावून घेतलं. घराच्या दारापासून चार मीटर ऐंशी. ते त्यांनी मोजलेलंच होतं.

दिनकररावांनी मला बोलावून आणलं. मी शाळेत भांडणं मिटवण्यात मुरलेली. पायरीवर उभी राहून म्हटलं, "शकूताई, घरात चला. लोक काय म्हणतील?"

कॅनव्हासची खिडकी उघडली. "कुठले लोक?"

आम्ही दोघींनी रस्ता पाहिला. कचऱ्याच्या डब्यावर एक मॅगपाय पक्षी बसला होता. समोरच्या घरातला म्हातारा केव्ह त्याच्या यूटचे टायर धूत होता. त्यानं हाक मारली, "यू राइट, शाकू?"

"ऑल गुड, केव्ह. आय अ‍ॅम अ‍ॅट माय मदर्स हाउस."

केव्हनं एकदा कॅम्परकडे बघितलं, एकदा घराकडे. "नो वरीज," म्हणाला आणि पुन्हा टायर धुवायला लागला.

सहा दिवस त्या तिथे राहिल्या. थंडी पडायला लागली होती, सकाळी धुकं. माहेरवाशिणीला पहिल्या दिवशी गोड करतात, म्हणून मी शिरा नेला. त्यांनी दोन चमचे घेतले आणि बाकीचा जावयाला द्या म्हणाल्या. जावई म्हणजे दिनकरराव. ते रोज सकाळी चहा घेऊन यायचे, पायरीवर ठेवायचे आणि मागे सरायचे. मला निरोप द्यायचे, "तिला सांगा, आमटी केलीये." मी वळून शकूताईंना सांगायची. त्या म्हणायच्या, "सांगा, माहेरी आलेल्या मुलीला न्यायला जावयानं आत यायचं असतं." मी वळून ते दिनकररावांना सांगायची. मधलं अंतर दीड हात.

पण शकूताई नुसत्या रुसल्या नव्हत्या. मी पुण्याहून भेट म्हणून आणलेलं बारीक मरून टिकल्यांचं पाकीट त्यांनी बरोबर नेलं होतं. जी वस्तू हातात घेतली, वापरली, तिला एक टिकली. पातेलं, टिकली. दोन ताटल्या, टिकली. हुक, हात धुवायचं भांडं, कोमट करायची गादी, पहिली बॅटरी. चार वेळा पिशवी, सहा दिवस. एका बॅटरीवर आणि छपरावरच्या उन्हावर सगळं भागलं. धुक्याच्या दिवशीसुद्धा. जनरेटर कोरा राहिला. मोठा फ्रीज कोरा. दुसरी, तिसरी बॅटरी, जादा टाकी, सावलीच्या भिंती, शिडी, सगळं कोरं. मी जाऊन शिडीकडे बघून आले. एकही टिकली नाही.

सहाव्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन ड्राइव्हवेत शिरले, तेव्हा दिनकरराव पायरीपासून दूर, नेहमीच्या जागी उभे होते. पिशवीची वेळ झाली होती. आतून आवाज आला, "अहो. हात धुवा, मास्क लावा आणि आत या."

"मी इथेच बरा."

"माझा खांदा धरलाय. पिशवी वर जात नाहीये."

"बाईंना बोलव."

"बाई मुलीची आई आहेत का? जावयाला बोलावलंय."

दिनकरराव बागेतल्या नळाशी गेले. साबण कोपरापर्यंत लावला, धुतला, पुन्हा लावला. इतका वेळ की मला त्यांना सांगावंसं वाटलं, पुरे. मग मास्क बांधून ते चढले आणि दार लागलं. मी निघायला हवं होतं. निघाले नाही. कॅनव्हासच्या भिंतीतून सगळं ऐकू येतं, हा त्या कॅम्परचा दोष मी कधीच कुणाच्या लक्षात आणून दिला नव्हता.

आधी हुकाचा खडखडाट. मग शकूताई, "हात कापतोय तुमचा. घाटात कापायचा का?"

"घाटात तू नव्हतीस बरोबर."

मग दिनकररावांचा आवाज, अगदी हलका. "शकू, त्या दिवशी दार मी उघडलं होतं."

"माहीत आहे."

"मग तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलू? दारातून आलं, का माझ्याच हातातून आलं, का पिशवीतच होतं. मोजता येत नाही हो. जे मला मोजता येत नाही त्याबद्दल मी तुम्हाला काय म्हणू?"

मी डबा पायरीवर ठेवला आणि त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. बासष्ट वर्षं मी लोकांना धीर देत आले होते आणि असं एक वाक्य मला कधी सुचलं नव्हतं.

दार उघडलं तेव्हा दिनकरराव खाली उतरले ते सरळ यूटमध्ये बसले. मला म्हणाले, "डिझेल भरून येतो." तोंडावर मास्क तसाच होता आणि मास्कच्या बरोबर मधोमध एक मरून टिकली. त्यांना ती दिसत नव्हती. मी सांगितलं नाही. आतून शकूताई ओरडल्या, "अहो, मला उतरू द्या, छप्पर वर आहे," तेव्हा कुठे ते थांबले. त्यांना उतरवून, छप्पर दाबून ते पंपावर गेले आणि टिकली लावूनच परत आले. पंपावरच्या मुलीनं कौतुक केलं म्हणाले, कशाचं ते त्यांना कळलं नव्हतं.

दोन दिवस सामान उतरवण्यात गेले. केव्ह आला, त्यानं जनरेटर उचलून गॅरेजात नेला. शिडी दिनकररावांनी स्वतः खोलली आणि माझ्याकडे न बघता नेली. शकूताईंनी नवा कागद घेतला, रकान्यात एन लिहिलं आणि पुढे दोनच शब्द: 'सर्व काढले.' या वेळी काट्यावर मला नेलं नाही. आकडा बसला.

बारा दिवसांनी त्या ठरल्या वेळी परत आल्या. तोवर माझा व्हिसा संपून मी पुण्यात पोचले होते. फोनवर त्यांनी मला सगळे आकडे सांगितले: किती किलोमीटर, किती लिटर, किती पिशव्या उरल्या. फेरी मारली का, असं मी विचारलं. "तीन मारल्या," म्हणाल्या. "चक्कर आली म्हणून बसले." ऑगस्टमध्ये त्यांची खुर्ची सुरू झाली. त्यानंतर त्या अडीच वर्षं होत्या. माझी मुलगी पुढे मेलबर्नला गेली, मी आता तिथल्या पॉइंट कुकला तिच्याकडे कायमची आले आहे, आणि इथूनही कुठे जायचं तर कुणीतरी गाडी काढावी लागते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला त्याचं काही वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगते.

पण डोळ्यांनी मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या निघण्याच्या सकाळी. नातवाला साडेआठला शाळेत सोडायला माझा जावई गाडी काढणार होता, म्हणून मी नातवाला धरून फाटकाच्या आतच होते. यूट ड्राइव्हवेतून मागे आली, वळली आणि रस्त्याच्या उघड्या टोकाला, मोठा रस्ता लागतो तिथे, जाऊन थांबली. डावा दिवा उघडझाप करायला लागला. डावीकडे हॉस्पिटल, उजवीकडे रोमाचा रस्ता. दिनकररावांचा हात तीन वर्षं त्याच बाजूला जात होता.

मोठा रस्ता मोकळा होता. यूट हलली नाही. मागे केव्हची गाडी येऊन थांबली, तिच्या मागे आणखी एक, कामाला निघालेली. माझ्या तोंडापर्यंत सूचना आली होती. मी ती ओरडले नाही, यात माझं कौतुक काही नाही. एवढ्या लांब आवाज गेला नसता.

मग डाव्या खिडकीतून शकूताईंचा हात बाहेर आला. बांगडी खाली कोपराकडे घसरली. त्यांनी मागच्या गाड्यांना सावकाश खूण केली, तुम्ही व्हा पुढे, आम्हाला वेळ लागणार आहे. केव्ह बाजूनं निघून गेला. दुसरी गाडीही गेली. हात खिडकीवर तसाच राहिला, कसलीही घाई नसलेला.

डावा दिवा बंद झाला. थोडा वेळ कुठलाच लागला नाही. मग उजवा लागला.